चढावरचं तेल

धायरीच्या मागे टेकडीच्या अंगाला ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत, तिथे नळाचा भरवसा नसतो. आनंद तिथे टँकरने पाणी पोचवायचा. तो मूळचा वाशिमकडचा. लग्नानंतर पुण्यात आला, बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि मग एक जुना ट्रक घेऊन त्यावर पाण्याची टाकी बसवून घेतली. मूलबाळ नव्हतं. बायको द्वारका म्हणायची, "आपल्या घरात तिघं राहतात. तुम्ही, मी अन् ही गाडी."

गाडी जुनी असली तरी आनंदने ती जपली होती. ऑइल मात्र तिला अलीकडे जरा जास्त लागायचं. जुनं इंजिन थोडं ऑइल खाणारच, असं तो धरून चालला होता. रात्रभर गाडी उभी असायची त्या जागेवर सकाळी डाग नसायचा. त्यामुळे गळतीची शंका त्याला कधी आली नाही.

त्या सकाळी तो भरला टँकर घेऊन चढावरच्या सगळ्यात वरच्या सोसायटीत गेला, पाणी खाली केलं आणि रिकामी गाडी घेऊन उतरू लागला. वळणावर माणसं जमलेली दिसली. एक स्कूटर आडवी पडली होती. फुटपाथच्या कडेला एक वयस्क गृहस्थ बसले होते; ते समोर बघत असूनही त्यांना काही दिसत नव्हतं असं वाटत होतं. रस्त्यात त्यांची बायको पडली होती. आनंदने दोघांनाही ओळखलं. वरच्याच सोसायटीतले शरच्चंद्रकाका आणि श्यामलाकाकू. काका बँकेतून निवृत्त झालेले. सारा जन्म सदाशिव पेठेत काढून मुलाच्या आग्रहाखातर इकडे राहायला आलेले. काकूंशी आनंदचं बोलणं व्हायचं ते एवढंच, की टँकरच्या पाइपातून पाणी सांडलं की त्या गॅलरीतून विचारायच्या, "अहो, टाकी आमची आहे. रस्त्याला कशाला पाजताय?"

आनंद धावत गेला. त्याने आणि वॉचमनने काकूंना उचलून रिक्षात ठेवलं. उचलताना त्याची चप्पल सटकली. खाली बघितलं तर डांबरावर काळं चकचकीत तेल पसरलेलं होतं. रिक्षा गेल्यावर वॉचमनने बांधकामावरची दोन घमेली माती आणून त्यावर टाकली, म्हणजे आणखी कुणी पडायला नको.

श्यामलाकाकू दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारल्या. डोक्याला मार होता.

सोसायटीत सगळे हळहळले, आणि हळहळता हळहळता सगळ्यांनी एकच गोष्ट बोलायला सुरुवात केली. या वयात स्कूटर चालवायचीच कशाला? उतारावर एकदम ब्रेक दाबला असणार. काकांचा मुलगा सलिल त्यांना वर्षभर सांगत होता, बाबा, आता स्कूटर पुरे, रिक्षाने जात जा. तेल होतं असं वॉचमन म्हणाला, पण तेल कुठल्या रस्त्यावर नसतं? मातीखाली ते दिसेनासंही झालं होतं. पोलिसांनी येऊन पंचनामा केला, घरच्यांचे जबाब घेतले. दहावं-तेरावं झाल्यावर सलिलने स्कूटर विकून टाकली. वडिलांना तो एक शब्दही टोचून बोलला नाही. पण त्यांच्याशी दुसरंही काही बोलायचा नाही.

आनंदचं पाणी टाकणं चालूच होतं. एके दिवशी तो पाइप लावून उभा असताना शरच्चंद्रकाका खाली आले. दाढी वाढलेली, सदरा मात्र इस्त्रीचा. ते सरळ त्याच्यापाशी आले.

"आपण त्या दिवशी इथे होता, असं वॉचमन म्हणाला."

"हो काका."

"रस्त्यावर तेल पाहिलंत का आपण?"

आनंदने पाइप उगाचच हलवून बघितला.

"मला वाटतं, तेल होतं," काका म्हणाले. "चाक माझ्या खालून सटकलं. ब्रेक मी दाबलाच नव्हता. पण माझ्या वाटण्याला आता किंमत नाही. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला आठवत नाही. मलाही रोज थोडं थोडं तसंच वाटायला लागलंय. म्हणून विचारतोय. पाहिलंत?"

"गडबडीत लक्ष नाही गेलं, काका," आनंद म्हणाला.

"असू दे," असं म्हणून काका वळले आणि लिफ्टकडे गेले.

आपण खोटं का बोललो, हे आनंदला त्या क्षणी कळलं नाही. घरी जाताना कळलं. अपघाताच्या दिवशी संध्याकाळी त्याने ऑइलची पट्टी काढून बघितली होती आणि ऑइल खुणेच्या बरंच खाली गेलेलं होतं. त्याने गुपचूप ऑइल ओतलं होतं आणि रस्त्यावरचं तेल आपल्याच गाडीचं तर नसेल, हा विचार तिथेच दाबून टाकला होता.

जेवताना त्याचा घास तोंडापर्यंत जाईना. द्वारकाने दोनदा विचारल्यावर त्याने सांगून टाकलं. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "आपल्या गाडीचं असंल असं कुणी म्हटलं?"

"कुणीच नाही."

"मग तुम्ही काहून म्हणता?"

"कारण त्या चढावर त्या वेळी माझ्याशिवाय मोठी गाडी गेलीच नव्हती."

द्वारकाने ताट बाजूला सारलं. "मग बापूरावकडे न्या. नसंल तर तुमच्या जिवाला शांतता. अन् असंल तर... पण न बघता असं राहू नका. मला नाही बघवत."

बापूरावचं गॅरेज नऱ्ह्याच्या रस्त्याला होतं. आनंदची गाडी घेतल्यापासून तोच बघत आला होता. आनंदने त्याला खरं कारण सांगितलं नाही. गळती शोध, एवढंच म्हणाला.

"गळती?" बापूराव गाडीखाली वाकला. "जमीन तर कोरडी हाय. पण इंजिनचा खालचा भाग सगळा चिकट दिसतोय. तेल वरून कुठूनही येतं न् खाली जमतं. धुतल्याबिगर कळायचं न्हाय."

त्याने इंजिन डिझेलने आणि ब्रशने धुतलं, मग पाण्याने, मग हवा मारून कोरडं केलं. कित्येक वर्षांचा काळा थर गेला तसं इंजिनचं लोखंड दिसायला लागलं. मग त्याने पेटीतून अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला आणि इंजिनवर सगळीकडे पावडर भुरभुरवली. जिथून तेल निघेल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटेल, असं त्याचं म्हणणं.

गाडी चालू केली. दोघं बाजूला उभे राहून बघत होते. वरच्या झाकणाचं पॅकिंग कोरडं. खालच्या ऑइलच्या टाकीचं पॅकिंग कोरडं. पुढचं सील कोरडं. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील बघायला बापूराव पुन्हा खाली शिरला, तिथेही काही नाही. त्याने आनंदला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. इंजिन ओरडलं, गरम झालं, पावडर तशीच पांढरी राहिली.

"साफ हाय," बापूराव हात पुसत बाहेर आला. "ऑइल आतल्या आत जळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. गाडीचं वय झालं, आनंद."

आनंदच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आता घरी जावं, द्वारकाला सांगावं, दोघांनी चार घास सुखाने खावेत. तो गाडीत चढला, किल्लीला हात घातला. आणि हात तसाच राहिला. त्या दिवशी गाडी अशी सपाट जागेवर रिकामी उभी नव्हती.

तो पुन्हा खाली उतरला. "बापूराव, टाकी भरून चढावर नेऊन बघू."

"कशाला? सांगितलं की तुला."

"एकदा बघू."

विहिरीवर टाकी भरली आणि दोघं निघाले. आनंदने मुद्दाम तोच चढ घेतला. वळणाच्या अलीकडे गिअर टाकला तशी गाडी दणकली, भाराखाली इंजिन एका अंगाला कललं, आणि जळक्या तेलाचा बारीक वास केबिनमध्ये आला. हा वास आनंदच्या ओळखीचा होता. चढावर तो नेहमीच यायचा. क्लचचा असेल, असं तो समजायचा.

वर पोचल्यावर बापूरावने बोनेट उघडलं आणि काही न बोलता बोटाने दाखवलं. इंजिनमधून निघून चासीवरच्या, म्हणजे खालच्या सांगाड्यावरच्या, ऑइल फिल्टरकडे जाणारा एक रबरी पाइप होता. त्याच्या एका जागेपासून पावडरवर काळा पट्टा पसरला होता, तो थेट खालपर्यंत. तिथून तेल अजून टपकत होतं. बघता बघता थांबलंही.

"तार कुणी बांधली?" बापूरावने विचारलं.

पाइप जागेवर धरून ठेवणारी क्लिप गेल्या दिवाळीच्या सुमारास तुटली होती. नवीन टाकू म्हणून आनंदने तेवढ्यापुरती तार गुंडाळली होती. नंतर ते राहूनच गेलं होतं. तार रबरात रुतली होती. गाडी उभी असली की चीर मिटलेली असायची. चढावर भार आला, इंजिन कललं, पाइप ताणला गेला, की चीर उघडायची आणि आतलं दाबातलं तेल रस्त्यावर उडायचं. सपाटीला आलं की पुन्हा बंद.

आनंद रस्त्याच्या कडेला बसला. मग त्याने बापूरावला सगळं सांगितलं.

बापूरावने बोनेट बंद केलं. मग म्हणाला, "पाइप बदलायला किती वेळ लागतोय? आत्ता बदलतो. तू कुणाला बोलू नको. बाई गेली ती गेली. तू तोंड उघडलंस म्हणून ती परत येणार हाय का?"

"नाही येणार."

"मग?"

"ते काका आहेत ना," आनंद म्हणाला. "आपल्याच चुकीने ती गेली, असं आता त्यांनाही वाटायला लागलंय. पाइपला हात लावू नको, बापूराव."

त्याने टाकीतलं पाणी तिथेच झाडांना सोडून दिलं, गाडी हळूहळू गॅरेजवर आणून लावली आणि बापूरावचीच मोटरसायकल घेऊन तो सोसायटीत गेला. दार सलिलने उघडलं.

"पाण्याचं काही असेल तर सेक्रेटरींना भेटा," सलिल म्हणाला.

"पाण्याचं नाही. काकूंचं आहे."

तो आत गेला तेव्हा काका खिडकीपाशी बसले होते. बसा म्हटलं तरी आनंद बसला नाही. उभ्या उभ्या त्याने सांगितलं. तार, पाइप, चढ, तेल. आणि शेवटी म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तेल होतं. माझी चप्पलसुद्धा घसरली होती. ते माझ्या गाडीचं होतं."

सलिल पुढे आला आणि त्याने आनंदच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली. आनंदने हात वर केले नाहीत.

"सलिल, सोड त्यांना," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखा, जरा कोरडा. "मला बघायचंय."

"काय बघायचंय बाबा?"

"तो पाइप. इतके दिवस मी लोकांचं ऐकून घेतलं. आता यांचंही नुसतं ऐकून नाही घेणार. दाखवा."

सलिलच्या गाडीतून काका गॅरेजवर गेले. आनंद मोटरसायकलवर पुढे होता. बापूराव त्यांना बघून उठून उभा राहिला आणि आनंदकडे बघून त्याने एकदा मान हलवली, जणू शेवटचं विचारत होता. आनंद म्हणाला, "चालू कर."

इंजिन चालू झालं. काही गळत नव्हतं. सलिल म्हणाला, "कुठे आहे तेल?" तेव्हा बापूरावने फडक्याने पाइप धरला आणि इंजिन कललं की ताण येतो तसा तो बाजूला ओढला. तारेखालची चीर उघडली. तेलाची बारीक, काळी चिळकांडी उडाली आणि गॅरेजच्या फरशीवर सांडली. बापूरावने हात सोडला. तेल थांबलं.

"पुन्हा," काका म्हणाले.

बापूरावने पुन्हा दाखवलं.

काका गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने खाली वाकले. जमिनीवरच्या तेलात त्यांनी बोट बुडवलं आणि अंगठ्याने चोळून बघितलं. मग तसंच वाकलेल्या अवस्थेत म्हणाले, "मी ब्रेक दाबला नव्हता, सलिल."

सलिल दोन पावलं पुढे आला.

"वर्षभर तू सांगत होतास, मी ऐकत नव्हतो, ते खरं. पण ब्रेक मी दाबला नव्हता."

"हो बाबा," सलिल म्हणाला. त्याने वडिलांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं, पण उभं केल्यावरही दंड सोडला नाही. गॅरेजमध्ये इंजिनचाच तेवढा आवाज होता. आनंदने हात पुढे करून किल्ली फिरवली आणि ते बंद केलं.

काकांनी रुमालाने बोट पुसलं. आनंदकडे वळून म्हणाले, "आता आपल्याला चौकीत यावं लागेल."

"येतो," आनंद म्हणाला.

चौकीत गर्दी होती. साहेब बाहेर गेले होते. बाकावर काका, त्यांच्यापासून थोडं अंतर सोडून आनंद, आणि दाराशी उभा सलिल, असे ते थांबून राहिले. द्वारकाचा फोन आला, तेव्हा आनंदने इतकंच सांगितलं, "आपलीच निघाली. मी चौकीत आहे." मग ती म्हणाली, "मी येते तिथं."

फोन ठेवल्यावर काकांनी विचारलं, "रिक्षात आपण ठेवलंत ना तिला?"

"हो. मी अन् वॉचमनने."

"मी फुटपाथवर बसलो होतो, एवढंच आठवतं. दवाखान्यात ती शुद्धीवर आलीच नाही. रिक्षात... काही बोलली का?"

आनंदने मान खाली घातली. "बोलल्या. म्हणाल्या, ह्यांचा चष्मा कुठं पडला बघा. त्याशिवाय ह्यांना दिसत नाही."

काकांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले. "कुणीतरी आणून दिला होता मला," ते म्हणाले. "कोण ते कळलं नव्हतं."

आनंदने आपण दिला असं सांगितलं नाही. दारात उभ्या सलिलने तोंड फिरवलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

जबाब झाला. हवालदाराने लिहिता लिहिता वर बघून आनंदला विचारलं, "कुणी जबरदस्ती केली का तुमच्यावर?" नाही म्हटल्यावर त्याने मान हलवून पुढे लिहिलं. काकांनी आपल्या जबाबात एक वाक्य आग्रहाने घालायला लावलं, की टँकरचा मालक कुणी शोधण्याआधी स्वतःहून घरी आला.

गुन्हा नोंदवला गेला. टँकर तपासणीसाठी ताब्यात घेतला, तो बऱ्याच काळाने सुटला. बापूरावने नवीन पाइप, नवीन क्लिप बसवून दिली. पण सोसायटीने पाण्याचं काम दुसऱ्याला दिलं होतं, ते त्याला परत मिळालं नाही, आणि त्याने मागितलंही नाही. इतर टँकरवाले त्याच्यावर चिडले. एकाने भर रस्त्यात ऐकवलं, "तुझ्यामुळे आता आमच्या गाड्यांखाली लोक वाकून बघतात." आनंद म्हणाला, "बघू दे." तो आता विश्रांतवाडीकडे बांधकामांवर पाणी टाकतो. द्वारका पहाटे उठून त्याचा डबा करते, कारण तिकडे जायला लांब पडतं. ती कधी म्हणाली नाही, की तुम्ही का बोललात. एकदा फक्त म्हणाली, "मी बघा म्हटलं होतं. मला वाटलं, नसंल." आणि तिला रडू आलं.

खटला अजून चालू आहे. मागच्या तारखेला शरच्चंद्रकाका साक्षीसाठी आले होते. सलिल त्यांना घेऊन आला होता आणि वकिलाला शोधायला आत गेला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात आनंद भिंतीला टेकून उभा होता. काकांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बसला.

"आपल्याला माफ केलं असं मी म्हणणार नाही," काका म्हणाले. "तसं म्हणायला मला जमणार नाही. प्रयत्न करून पाहिला."

"नका म्हणू काका."

काकांनी समोरच्या आवारातल्या गर्दीकडे नजर वळवली. मग म्हणाले, "सलिल रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की माझ्याजवळ येऊन बसतो. बोलत नाही फारसा. पण बसतो. आणि मला झोप लागते आता. हे आपल्याला सांगायचं राहिलं होतं."

आतून शिपायाने खटल्याचं नाव पुकारलं. काकांना खुर्चीतून उठायला वेळ लागत होता. आनंद त्यांच्यासाठी थांबला आणि मग दोघं आत गेले.